सारेचा तंबू



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने आपल्या दिवंगतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ नोव्हेंबरच्या आधी दोन-चार दिवस कबरस्थानात लगबग असते. कोणी गवत उपटतो, कोणी कबरीला चुना लावतो, कोणी नावाची पाटी घासूनपुसून स्वच्छ करतो. मग त्या दिवशी झेंडू-शेवंतीच्या फुलांनी आणि मेणबत्त्यांनी अवघे कबरस्थान उजळून निघते. धर्मगुरू प्रार्थना करीत कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. त्या वेळी आजूबाजूला पाहिले तर ध्यानात येते की, सर्वांत मोठा गोतावळा बहुधा एखाद्या आजीच्या कबरीभोवती उभा असतो. मुलगे, सुना, लेकी, जावई, नातवंडे, पतवंडे. एरवी वर्षभर एकमेकांना न भेटलेली माणसे तिच्यापाशी एकत्र आलेली असतात.

नव्वदी गाठून आजी गेली म्हणजे आपल्याकडे म्हणतात, "पिकले पान गळाले. भरल्या घरातून गेली, सोने झाले." सांत्वनाला आलेली माणसे हे चांगल्या मनानेच बोलतात. पण घरातल्यांचे दुःख त्या बोलण्याने हलके होतेच असे नाही. ज्या घरात साठ-सत्तर वर्षे एकच हाक ऐकू येत होती, ती हाक बंद झाली की घर रितेच वाटते. म्हणून आजच्या रविवारी पवित्र शास्त्रातील एका दीर्घायुषी कुलमातेच्या मरणाकडे आपण थोडे थांबून पाहू या. ती म्हणजे अब्राहामाची पत्नी सारा. तिच्या मरणाची हकिगत उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात आहे. मिस्सेच्या वाचनांत आपण ती फारशी ऐकत नाही, पण तिच्यात आपल्या घरांना उपयोगी पडेल असे पुष्कळ आहे.

१२७ वर्षांचा हिशेब

सारा १२७ वर्षे जगली. उत्पत्तीच्या पुस्तकात मृत्यूसमयीचे वय दिलेली ती एकटीच स्त्री आहे. पुरुषांची वये त्या पुस्तकात पानोपानी येतात, स्त्रियांची येत नाहीत. सारेचे वय मात्र लिहून ठेवलेले आहे. तिचे एकेक वर्ष देवाच्या लेखी मोजलेले होते, असेच जणू शास्त्र आपल्याला सांगते.

ती वर्षे सुखाची होती असे मात्र नाही. अब्राहामाने हारान सोडले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. सारा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणजे ६५ वर्षांची. ज्या वयात माणूस आता जरा स्वस्थ बसू म्हणतो, त्या वयात तिने बांधलेले घर सोडले आणि पुढचे आयुष्य तंबूत काढले. दुष्काळ पडला तेव्हा मिसर देशात जावे लागले आणि तिथे तिला फारोच्या वाड्यात नेण्यात आले. मूल नसल्याचे दुःख तिने तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत सोसले. नव्वदाव्या वर्षी तिची कूस उजवली. देवाचे वचन प्रथम कानी आले तेव्हा ती तंबूच्या दाराआड हसली होती. मुलगा झाल्यावर ती पुन्हा हसली, पण आता आनंदाने. त्या मुलाचे नावच इसहाक, म्हणजे हसणे.

त्यानंतर ३७ वर्षे तिने आईपण अनुभवले. पण नातवंडाचे तोंड तिने पाहिले नाही. इसहाकाचे लग्न तिच्यामागे तीन वर्षांनी झाले आणि याकोब व एसाव जन्मले तेव्हा तो ६० वर्षांचा होता. ताऱ्यांइतक्या संततीचे वचन मिळालेल्या घरातील ही बाई. डोळे मिटताना तिच्यासमोर होता तो एकुलता एक मुलगा, तोही अविवाहित. तरीही इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने विश्वासाने जगलेल्यांच्या मालिकेत तिचे नाव घातले आहे. जे पाहायला मिळाले नाही त्यासाठीही ती जगली, आणि म्हणूनच ती आपल्या सर्वांची कुलमाता ठरली.

अब्राहाम रडला

सारा हेब्रोन येथे वारली, तेव्हा अब्राहाम १३७ वर्षांचा होता. तो विश्वासू लोकांचा पिता. मोरिया डोंगरावर मुलाचे अर्पण करायला निघतानाही त्याच्या डोळ्यांत पाणी आले असे शास्त्र सांगत नाही. पण सारेच्या मृतदेहापाशी बसून तो शोक करू लागला, रडला. पिकले पान गळाले असे त्याने म्हटले नाही.

ख्रिस्ती माणसाने रडू नये, रडणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे काही जण समजतात. लाजराच्या कबरीपाशी प्रत्यक्ष प्रभू येशू रडला, हे त्यांनी आठवावे. पुनरुत्थानावरील श्रद्धा अश्रूंना बंदी घालत नाही. आजी ९५ वर्षांची होती म्हणून तिच्यासाठी रडणाऱ्या मुलीला किंवा म्हाताऱ्या आजोबांना "आता किती रडायचे?" असे कोणी म्हणू नये. पंचाहत्तर वर्षांचा मुलगासुद्धा आई गेली की पोरका होतो.

आठवण खरी असावी

मृत्यूनंतर माणसाचे नुसते गुणच सांगायचे अशी आपली रीत आहे. पवित्र शास्त्राची रीत वेगळी आहे. सारेचा विश्वास ते सांगते, आणि तिचा कठोरपणाही लपवत नाही. हागार ही तिची मिसरी दासी. आपल्याला मूल होत नाही म्हणून सारेनेच तिला अब्राहामाकडे दिले. पुढे ती गरोदर राहिली तेव्हा सारेने तिला इतके छळले की ती रानात पळून गेली. इसहाक जन्मल्यावर सारेने हागारेला आणि तिचा मुलगा इश्माएल याला घराबाहेर काढायला लावले. थोडी भाकर आणि पाण्याची पखाल घेऊन ती मायलेकरे रानात भटकली. देवाने त्या दोघांचा आक्रोश ऐकला आणि त्यांना वाचवले.

हे सारे लिहून ठेवूनही शास्त्राने सारेचा मान कमी केलेला नाही. आपल्या घरातील थोरल्या बाईची आठवणही अशी खरी असावी. तिने कष्टाने घर उभे केले. पहाटेच्या गाडीने फुलांच्या, भाजीच्या पाट्या मुंबईला नेल्या, केळी सुकवून सुकेळी केली, मुलांना शाळेत घातले. आणि कदाचित एखाद्या सुनेला तिचा जाचही झाला असेल, एखाद्या मुलावर तिची माया कमी पडली असेल. असे काही मनात सलत असेल तर ते खोट्या स्तुतीखाली झाकू नये. ते प्रार्थनेत देवापुढे ठेवावे. आपण मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो ती याच श्रद्धेने की, त्यांच्यात जे अपुरे राहिले ते देवाची दया शुद्ध करते. ज्या सुनेने सोसले तिने सासूसाठी मिस्सा सांगितली, तर ती क्षमेची मोठी प्रार्थना ठरेल.

चारशे शेकेलांची जमीन

देवाने अब्राहामाला कनान देशाचे वचन दिले होते. पण सारा वारली तोपर्यंत त्या देशात त्याच्या मालकीची पाऊलभर जमीन नव्हती. तिला मूठमाती देण्यासाठी त्याला तिथल्या रहिवाशांपुढे उभे राहावे लागले. आपण परके आहोत, उपरे आहोत, असे सांगून त्याने जागा मागितली. एफ्रोन नावाच्या हित्ती माणसाने ती फुकट देऊ केली. अब्राहाम दोनदा लवून नम्रपणे बोलला, पण फुकट घ्यायला राजी झाला नाही. वेशीपाशी सर्वांदेखत त्याने ४०० शेकेल चांदी तोलून दिली. ते शेत, त्यातली मकपेलाची गुहा आणि हद्दीतली सगळी झाडे अब्राहामाच्या नावावर झाल्याचे शास्त्रात असे तपशीलवार नोंदले आहे की आपल्याला सातबाराच आठवावा.

वचनदत्त देशात अब्राहामाच्या घराण्याची पहिली मालकीची जमीन ही अशी सारेची कबर आहे. पुढे त्याच गुहेत अब्राहाम, इसहाक, रिबका आणि लेआ यांना ठेवण्यात आले. मिसर देशात मरण आले तेव्हा याकोबाने मुलांकडून वचन घेतले की मला तिथेच न्या, आणि त्यांनी त्याला तिथे नेले.

त्या कबरीपाशी घडलेली आणखी एक गोष्ट आपण मनात जपून ठेवली पाहिजे. अब्राहाम १७५ वर्षांचा होऊन वारला तेव्हा त्याला मूठमाती कोणी दिली? शास्त्र दोन नावे सांगते : इसहाक आणि इश्माएल. इसहाक तेव्हा ७५ वर्षांचा होता, इश्माएल ८९ वर्षांचा. ज्या बाईने आपल्याला आणि आपल्या आईला घराबाहेर काढले, तिच्याच कबरीशेजारी इश्माएल उभा राहिला. बापाच्या पार्थिवाला दोघा भावांनी खांदा दिला. त्या दिवशी ते एकमेकांशी काय बोलले हे लिहिलेले नाही. एकत्र आले एवढेच लिहिले आहे.

आणि आपल्याकडे काय दिसते? आपल्या भागात जमिनींना भाव आले, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आजी आहे तोवर तिच्या धाकाने घर एक असते. ती गेली, महिन्याची मिस्सा झाली न झाली की वाटणीचा विषय निघतो. बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. सख्खे भाऊ एकाच मिस्सेला येतात आणि देवळाच्या दोन टोकांना बसतात. आईच्या कबरीवर संगमरवर कोणी बसवायचा यावरूनही अबोला धरलेला असतो.

कायद्याची बाजूही इथे सांगायला हवी. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती व्यक्तीच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. बहिणीने राजीखुशीने आपला वाटा सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण तिला गप्प बसवून, माहेर तोडण्याची भीती घालून सही घेणे हा अन्याय आहे, आणि ज्या आईच्या नावाने आपण मिस्सा सांगतो तिच्याच लेकीवर तो होतो. अब्राहामाने सारेच्या कबरीसाठीदेखील कोणाकडून फुकट काही घेतले नाही, पूर्ण दाम मोजले.

दिवा, पीठ आणि उघडे दार

सारेच्या मरणानंतर तीन वर्षांनी रिबका लग्न होऊन आली. दूर देशातली मुलगी. सासूचे तोंडही तिने पाहिले नव्हते. इसहाकाने तिला आपल्या आईच्या, सारेच्या तंबूत नेले. तिच्यावर त्याचे प्रेम जडले आणि आईच्या मागे त्याला सांत्वन लाभले, असे उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायाच्या शेवटी म्हटले आहे. तीन वर्षे एका चाळिशीच्या पुरुषाच्या मनात आईचे दुःख तसेच होते.

या तंबूविषयी ज्यू लोकांच्या जुन्या परंपरेत एक सुंदर आख्यायिका आहे. सारा जिवंत असताना तिच्या तंबूवर देवाच्या सान्निध्याचा मेघ असे. तंबूची दारे सताड उघडी असत. तिने मळलेल्या पिठाला बरकत असे. आणि तिने शब्बाथाच्या आदल्या संध्याकाळी लावलेला दिवा पुढच्या शब्बाथाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तेवत राही. सारा वारली आणि हे सगळे थांबले. रिबका त्या तंबूत आली आणि हे सगळे परतले.

ही आख्यायिका शास्त्राचा भाग नाही. पण आपल्या आजीचे स्मरण कसे करावे हे ती नेमके सांगते.

दिवा म्हणजे घरातील प्रार्थना. संध्याकाळी आंजेलसची घंटा झाली की आजी हातातले काम ठेवून उभी राही. रात्री जेवणाआधी तिच्याभोवती सगळे घर जपमाळेला बसे. कित्येक आजींनी लहानपणी लॅटिन मिस्सा ऐकली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी मिस्सा ऐकली, आणि नातवंडांना खुणेचा क्रूस शिकवला तो आपल्या कादोडी किंवा वाडवळी बोलीत समजावून. ती गेल्यावर तिचा फोटो भिंतीवर लागतो, त्याला हार आणि लाइटची माळही लागते. पण त्या फोटोखाली जपमाळ होते का? ज्या वेळी ती जपमाळ होत असे, त्याच वेळी आता टीव्हीवर मालिका चालू असते.

पीठ म्हणजे तिचा हात. नाताळच्या करंज्या, आजाऱ्याच्या घरी पाठवलेली पेज, गड्यासाठी बाजूला काढलेली भाकर. कमी असतानाही तिला पुरत असे, कारण वाटून खायची तिला सवय होती. तिच्या नावाने वर्षाच्या मिस्सेला मोठे जेवण घालण्यापेक्षा पाड्यावरच्या एखाद्या मुलाची शाळेची फी भरली, तर तिला ते जास्त आवडेल.

उघडे दार म्हणजे तिची माया. माहेरी आलेली लेक, रुसलेला भाऊ, दुसऱ्या समाजातून लग्न होऊन आलेली सून, सगळ्यांना तिच्या घरात जागा असे. रिबका बाहेरून आली होती, तरी सारेच्या तंबूतला दिवा तिच्याच हातून पुन्हा लागला. तेव्हा नवी सून परक्या वळणाची, परक्या बोलीची असली तरी तिला आजीच्या प्रार्थना, आजीच्या गोष्टी प्रेमाने सांगाव्यात. कॅनडा-ऑस्ट्रेलियात असलेल्या नातवंडांनाही फोनवरून सांगाव्यात. घर मोडून तिथे इमारत झाली असली तरी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतही तो तंबू उभा राहू शकतो.

सारेसारखी दीर्घायुषी

आज ज्या आजी ऐंशी-पंचाऐंशीच्या पुढे आहेत, त्यांतल्या बहुतेकींची लग्ने १९६९ साली विवाहविधीचे नवे पुस्तक निघण्यापूर्वी झाली. तेव्हा लग्नाच्या मिस्सेत वधूवर लॅटिनमध्ये एक आशीर्वाद म्हटला जाई. वधू राहेलीसारखी पतीला प्रिय, रिबकेसारखी सुज्ञ आणि सारेसारखी दीर्घायुषी व एकनिष्ठ व्हावी, अशी त्यात याचना होती. लाल लुगड्यातल्या त्या कोवळ्या मुलींना त्या शब्दांचा अर्थ कळला नसेल. पण देवाने तो आशीर्वाद ऐकला. आज आपल्या ओसरीवर, खाटेवर, खिडकीपाशी हातात जपमाळ घेऊन बसलेली म्हातारी म्हणजे त्या आशीर्वादाचे फळ आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस आपल्या आजीची, रोझाची आठवण नेहमी काढत. १९६९ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, त्या वेळी आजीने लिहिलेले पत्र त्यांनी पोप झाल्यावरही आपल्या रोजच्या प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवले होते. नातवंडांवर दुःखाची वेळ आली तर त्यांनी पवित्र साक्रामेंताकडे आणि क्रुसापाशी उभ्या असलेल्या मरियेकडे पाहावे, असे तिने त्यात लिहिले होते. त्याच पोपसाहेबांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. संत योआकिम आणि संत अन्ना यांच्या २६ जुलैच्या सणाच्या सुमारास, जुलैच्या चौथ्या रविवारी तो पाळला जातो.

म्हणून या महिन्यात आपण पुढील गोष्टी करू या. ज्यांची आजी वारली आहे, त्यांनी एका संध्याकाळी तिच्या फोटोखाली सगळ्या घराला बसवून जपमाळ करावी आणि तिच्याविषयीची एक खरी गोष्ट मुलांना सांगावी. ज्या भावा-बहिणींत अबोला आहे, त्यांनी इसहाक व इश्माएलाप्रमाणे आईच्या कबरीपाशी एकदा एकत्र यावे. बोलणे सुचले नाही तरी चालेल, एक मेणबत्ती दोघांनी मिळून लावावी. आणि ज्यांची आजी अजून हयात आहे, त्यांनी तिच्यापाशी आजच दुपारी अर्धा तास बसावे. ती अंथरुणाला खिळली असेल तर फादरांना कळवावे, म्हणजे तिला पवित्र कम्युनियन आणि आजाऱ्यांचा संस्कार मिळेल. तिची ऐकण्याची शक्ती गेली असली तरी तिचा हात हातात घेता येतो.

हे प्रभू, आमच्या घरांत जिने दिवा लावला, पीठ मळले आणि दार उघडे ठेवले, तिला तुझ्या घरात जागा दे. तिच्यात जे उणे राहिले ते तुझ्या दयेने भरून काढ. आम्हा लेकरांना तिच्या तंबूत एकत्र ठेव, आणि पुनरुत्थानाच्या दिवशी तिच्यासह आम्हा सर्वांना तुझे मुख पाहू दे. आमेन.